केनेडीचा प्रायमर, त्याच्या मुली आणि इंग्रज पोरांचं लॅटिन

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)

इंग्लंडमधे शाळेत लॅटिन शिकलेल्या कुठल्याही म्हाताऱ्यासमोर केनेडी हे नाव काढा. तो एकतर दात-ओठ खाईल, नाहीतर तिथल्या तिथे शब्दरूपं म्हणायला लागेल. अमेरिकेचा अध्यक्ष नव्हे हो. हा बेंजामिन हॉल केनेडी, १८३६ ते १८६६ श्रूजबरी शाळेचा मुख्याध्यापक, मग केंब्रिजला ग्रीकचा प्राध्यापक. त्याच्या नावावरचं लॅटिन व्याकरण अजूनही छापलं जातं.

इंग्रज मुलांना लॅटिन शिकवणारी जुनी पुस्तकं वाचायचा नाद सध्या लागलाय. बहुतेक सगळी इंटरनेट आर्काइव्हवर फुकट मिळतात, दोन-तीन फाउंटनच्या फुटपाथवर मिळाली. वाचता वाचता लक्षात आलं की यातल्या प्रत्येक पुस्तकामागे भांडण आहे. तेच इथे मांडतो.

केनेडीच्या आधी तीनशे वर्षं राज्य होतं विल्यम लिलीचं. जॉन कॉलेटने १५०९ मधे लंडनला सेंट पॉल्स शाळा काढली, तिचा हा पहिला मुख्याध्यापक. त्याच्या व्याकरणाला डच विद्वान इरॅस्मसचाही हात लागलेला. लिली वारल्यावर आठव्या हेन्रीने फर्मान काढलं, की शाळांतून हेच व्याकरण शिकवायचं, दुसरं नाही. पुस्तकाचे दोन भाग. पहिला इंग्रजीत, शब्दरूपं वगैरेंचा. दुसरा, म्हणजे खरं व्याकरण, चक्क लॅटिनमधे! ज्याला लॅटिन येत नाही त्या पोराने लॅटिनचे नियम लॅटिन पद्यात घोकायचे. लिंगाच्या नियमांची सुरुवात ‘प्रोप्रिआ क्वे मारिबुस’ अशी होती, म्हणून त्या प्रकरणालाच ते नाव पडलं. अठराव्या शतकात ईटन शाळेने हेच पुस्तक घासूनपुसून आपल्या नावाने काढलं आणि ते सगळीकडे चाललं.

१८६१ ला सरकारने नऊ बड्या शाळांच्या चौकशीसाठी क्लॅरेंडन आयोग नेमला. ‘शाळाशाळांत वेगवेगळी व्याकरणं कशाला, एक ठरवा’ असं त्यातून निघालं, आणि काम आलं केनेडीकडे. १८६६ मधे ‘पब्लिक स्कूल लॅटिन प्रायमर’ बाहेर पडलं. मुखपृष्ठावर लेखकाचं नाव नाही, कारण ते सगळ्या शाळांचं पुस्तक. आल्या आल्या वर्तमानपत्रांतून धुलाई झाली. परिभाषा भयंकर. ‘प्रोलेटिव्ह इन्फिनिटिव्ह’ असलं काही दहा वर्षांच्या पोराच्या माथी मारायचं म्हणजे काय! तरी पुस्तक टिकलं, कारण शाळा त्या पुस्तकाशी बांधलेल्या होत्या.

त्यातली एक गोष्ट मात्र खरोखर कामाची होती. जुन्या पुस्तकांत विभक्तींचा क्रम असा असे: कर्ता, मग षष्ठी, चतुर्थी, मग कर्म, संबोधन, शेवटी पंचमी. केनेडीने कर्ता, संबोधन, कर्म एका खाली एक आणले. युद्ध या अर्थाचा ‘बेल्लुम’ हा नपुंसकलिंगी शब्द घ्या. जुना क्रम: बेल्लुम, बेल्ली, बेल्लो, बेल्लुम, बेल्लुम, बेल्लो. नवा क्रम: बेल्लुम, बेल्लुम, बेल्लुम, बेल्ली, बेल्लो, बेल्लो. म्हणून बघा. सारखी रूपं शेजारी आली की निम्मं पाठांतर आपोआप होतं. ब्रिटनमधे आज हाच क्रम आहे. अमेरिकेने जुनाच धरून ठेवलाय, त्यामुळे दोन्हीकडची पुस्तकं एकदम वाचायला घेतली की डोकं फिरतं.

आता मूळ मुद्दा. १८८८ मधे या पुस्तकाची नवी आवृत्ती आली, ‘रिव्हाइज्ड लॅटिन प्रायमर’. सुटसुटीत, स्वच्छ. पुढच्या पिढ्या जिला ‘केनेडी’ म्हणतात ती हीच. आणि ती मुख्यतः लिहिली केनेडीच्या मुलींनी, मॅरियन आणि ज्युलिया यांनी. मदतीला केनेडीचे दोन जुने विद्यार्थी, हॅलम आणि पेज. नाव बापाचं. मॅरियन केंब्रिजच्या न्यूनम या मुलींच्या कॉलेजची मानद सचिव होती. त्या काळी मुली तिथे शिकू शकत, पण विद्यापीठ त्यांना पदवी देत नसे. ती द्यायला १९४८ उजाडलं. म्हणजे इंग्लंडमधल्या मुलग्यांच्या शाळांतली पोरं ज्या पुस्तकावर पदवीपर्यंत पोचत होती, ते लिहिणाऱ्या बायकांना पदवीचा दरवाजा बंद. माझं मत स्पष्ट आहे: आताच्या आवृत्तीवर तरी त्यांची नावं हवीत.

तिरफळ

वाचतेय, मस्त धागा. पण हे मुलींनी लिहिलं ते कळलं कसं? की ‘खरं तर बायकोनेच लिहिलं’ छापाची व्हॉट्सअ‍ॅप कथा?

पाटीपेन्सिल

रास्त शंका. पण व्हॉट्सअ‍ॅप नाही. क्रिस्टोफर स्ट्रे म्हणून ब्रिटिश अभ्यासक आहेत, शाळांतल्या लॅटिन-ग्रीकचा इतिहास हाच त्यांचा विषय. त्यांनी हे उजेडात आणलं. आणि साधा हिशोब करा: केनेडीचा जन्म १८०४ चा. १८८८ ला ऐंशी पार केलेला, पुढच्याच वर्षी गेला. १८६६ च्या पुस्तकातला किचकटपणा नव्या आवृत्तीत एकदम कमी कसा झाला, हा प्रश्न तसाही पडतोच.

वात्रट_मेला

लिलीचं नाव काढलंत आणि शेक्सपियर नाही? ‘मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर’च्या चौथ्या अंकात सुरुवातीलाच एक प्रवेश आहे. आई पोराला शाळेत सोडायला चाललीय, वाटेत वेल्श पाद्री-मास्तर भेटतात, आज सुट्टी असल्याचं कळतं आणि रस्त्यातच तोंडी परीक्षा सुरू. पोराचं नावही विल्यम! ‘लापिस म्हणजे काय?’ ‘दगड.’ ‘आणि दगड म्हणजे काय?’ पोरगं बिचारं सांगतं, ‘गोटा.’ चूक! दगड म्हणजे लापिस, हे उत्तर हवं होतं.

मग ‘हिक, हेक, होक’ (म्हणजे हा, ही, हे) सुरू. मास्तर वेल्श असल्यामुळे त्यांच्या तोंडून ते ‘हिग, हॅग, हॉग’ असं निघतं. शेजारी उभ्या मिसेस क्विकलीबाईंना हॉग ऐकून डुकराचं मांस आठवतं. पुढे ‘जेनिटिव्ह केस’, म्हणजे षष्ठी, म्हटलं की बाईंना वाटतं कुणा जेनीची भानगड आहे, आणि ‘होरुम, हारुम, होरुम’ ऐकल्यावर (इंग्रजीत ‘होर’ म्हणजे वेश्या) तर बाई मास्तरांनाच झापतात, की पोराला असले घाणेरडे शब्द काय शिकवता! पोराची उत्तरं जवळजवळ शब्दशः लिलीच्या पुस्तकातली आहेत. स्ट्रॅटफर्डच्या शाळेचे त्या काळचे पट शिल्लक नाहीत, पण हा प्रवेश वाचल्यावर माणूस लिली घोकूनच बाहेर पडला होता यात मला तरी शंका नाही.

उंबरठा

ज्या प्रेक्षकांनी स्वतः मार खात हे पाठ केलं होतं ते त्या प्रवेशाला किती हसले असतील!

केनेडीच्या लिंगनियमांच्या कविता कुणी वाचल्यात का? लिलीच्या लॅटिन पद्याऐवजी त्याने इंग्रजी यमकं जुळवली. ‘इस’ने संपणारे बरेचसे शब्द पुल्लिंगी, अशी एक आहे, आणि मग नुसती यादी. आम्निस, आक्सिस, काउलिस, कोल्लिस, क्लूनिस, क्रीनिस, फास्किस, फोल्लिस... नदी, आस, देठ, टेकडी, ढुंगण, केस, मोळी, भाता. अर्थाचा अर्थाशी संबंध नाही, फक्त ताल. शेवटी काकडी येते आणि अगदी टोकाला ‘ग्लिस’, म्हणजे एक प्रकारचा उंदीर. तो उंदीर पोरांना आयुष्यात कुठल्या लॅटिन पुस्तकात भेटला असेल देव जाणे, पण त्याचं लिंग मरेपर्यंत लक्षात.

यावरून रामरक्षा आठवली. ‘रामो राजमणिः सदा विजयते, रामं रमेशं भजे’ हा श्लोक. प्रथमा, द्वितीया, रामेण, रामाय, रामात्, रामस्य, रामे आणि शेवटी ‘भो राम मामुद्धर’. आठही विभक्ती ओळीने, क्रम न चुकता, आणि तरी प्रार्थनाही पूर्ण होते. आजीने दिवेलागणीला म्हणून घेतलेलं, शाळेत संस्कृत आलं तेव्हा रामाची एकवचनं आयतीच तयार. केनेडीच्या यादीत ही गंमत नाही. त्याची यादी यादीच राहते.

कडक_मास्तर

शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालो, म्हणून लिहितो. यादी यादीच राहते म्हणून नावं ठेवू नका. लिंग हे अर्थावरून ठरत नाही, ते पाठच करावं लागतं. पाठ करायचंच आहे तर तालात करा, एवढाच त्या माणसाचा विचार. आणि बेल्लुम-बेल्लुम-बेल्लुम वाचून मला अजिबात नवल वाटलं नाही. आपल्याकडे वनम्, वनम्. नपुंसकलिंगात प्रथमा-द्वितीया सारखी, दोन्ही भाषांत. आपल्या वैयाकरणांनी त्या दोघी शेजारीच बसवल्या आहेत. केनेडीने उशिरा का होईना, शहाणपणा केला.

रिकामा_डबा

आणि चर्चिलचं टेबल? सात वर्षांचा चर्चिल, शाळेचा पहिला दिवस, समोर ‘मेन्सा’ची रूपं. ‘मेन्सा’ म्हणजे टेबल हे ठीक, पण पुन्हा ‘मेन्सा’ म्हणजे ‘हे टेबला!’ हे काय? मास्तर म्हणाले, टेबलाशी बोलताना वापरायचं. पोरगा म्हणाला, पण मी टेबलाशी कधी बोलतच नाही! त्यावर उद्धटपणाबद्दल शिक्षेची धमकी. त्याने १९३० मधे आत्मचरित्रात हे लिहून ठेवलं आणि लॅटिनवाल्यांची कायमची फजिती केली.

कडक_मास्तर

फजिती मास्तरची झाली, लॅटिनची नाही. ‘हे राम’ म्हणतोस ना, तसं ते, एवढं सांगितलं असतं तर संपलं होतं. टेबल हा शब्द नमुन्याला घेतला कारण तो नियमित चालतो.

जुनी_खिडकी

मास्तर, मग नमुन्याला ‘मुलगी’ घेता आला असता की! ‘पुएल्ला’ही तसाच नियमित चालतो आणि मुलीला हाक मारता येते. शिकवणाऱ्याला सोपं काय एवढंच बघून ही पुस्तकं लिहिली गेली, हेच माझं भांडण आहे. आणि ते माझं एकटीचं नाही, हजार वर्षं जुनं आहे.

साधारण इसवी सन १००० च्या सुमारास एल्फ्रिक नावाच्या इंग्रज मठवासीने मुलांसाठी लॅटिन संवाद लिहिले. एक मुलगा नांगरधारी होतो, एक कोळी, एक शिकारी. मास्तर विचारतात, तू काय करतोस? नांगरवाला म्हणतो, थंडी कितीही असो, पहाटे बैल घेऊन शेतावर जावंच लागतं, धन्याच्या धाकाने. काम फार आहे का? हो, फार, कारण मी स्वतंत्र नाही. व्याकरणाच्या पुस्तकात हे वाक्य! मुलं बोलत बोलत लॅटिन शिकत होती, आणि त्यात गुलामाचं दुःखही होतं. मात्र त्याच संवादात सुरुवातीला मास्तर विचारतात, शिकताना फटके चालतील का? मुलं म्हणतात, अडाणी राहण्यापेक्षा चालतील. (लिहिणारा मास्तरच, तो दुसरं काय लिहिणार.)

पुढे रॉजर अ‍ॅस्कम, पहिल्या एलिझाबेथचा शिक्षक. त्याचं पुस्तक तो गेल्यावर १५७० मधे आलं. सांगतो काय: रोमन वक्ता सिसेरोचा उतारा समजावून द्या, मुलाला इंग्रजीत उतरवू द्या, मूळ काढून घ्या, तासाभराने त्याने आपल्याच इंग्रजीवरून पुन्हा लॅटिन करायचं आणि मुळाशी ताडून बघायचं. नियम लागतील तसे. आणि मारायचं नाही.

मग कोमेनियस, चेक शिक्षणतज्ज्ञ. १६५८ ला न्यूरेंबर्गमधे त्याचं चित्रांचं पुस्तक, पुढच्याच वर्षी लंडनच्या चार्ल्स हूल या शाळामास्तरने ते इंग्रजीत आणलं. वर चित्र, चित्रातल्या वस्तूंना आकडे, खाली लॅटिन आणि इंग्रजी शेजारी शेजारी, त्याच आकड्यांनी जोडलेलं. सुरुवातीला अक्षरांसाठी प्राण्यांचे आवाज: कावळा काय ओरडतो, कोकरू काय ओरडतं. पुढे बेकरी, सुतारकाम, छापखाना, अगदी न्यायालयसुद्धा. हे हाताशी असताना इंग्लंडच्या शाळा आणखी दोनशे वर्षं ‘प्रोप्रिआ क्वे मारिबुस’ करत बसल्या.

पाटीपेन्सिल

खिडकीताई, प्रतिसाद नव्हे, हा वेगळा धागाच आहे! हूलचं पुस्तक मीही पाहिलंय. सुताराच्या चित्रात कुऱ्हाड, करवत, ढलप्या सगळ्यांना आकडे आहेत. पण एक अडचण: त्यातून भरपूर नामं येतात, वाक्य फिरवता येत नाही. माझ्या मते ते उत्तम शब्दकोश आहे, भाषेचं पुस्तक अर्धंच.

थेम्सकाठची

वा, धागा रंगलाय. इथे इंग्लंडमधे माझ्या मुलाला शाळेत लॅटिन आहे, म्हणून राहवलं नाही. केनेडीचं एक छोटं भावंड होतं, ‘शॉर्टर लॅटिन प्रायमर’. इथल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्याची प्रत हातात आली की आधी मुखपृष्ठ बघायचं. पोरांनी शाईने ‘लॅटिन’चं ‘ईटिंग’ केलेलं असतं. रोमन लिपीतल्या एलला दोन आडव्या रेघा मारल्या की झाला ई, शेवटी जी चिकटवला की काम फत्ते. जास्त मेहनती पोरगं असेल तर ‘शॉर्टर’चंही ‘शॉर्टब्रेड’, म्हणजे लोण्याचं बिस्किट. शॉर्टब्रेड खाण्याचं प्रायमर! मला मिळालेल्या प्रतीत शाई इतकी सफाईने भरलीय की पहिल्या नजरेला छापलेलंच वाटतं. त्या तासाला बाकी काय शिकून झालं असेल ते दिसतंच आहे.

आता मुलाच्या हातात केम्ब्रिज लॅटिन कोर्स असतो. तो १९७० मधे आला. पहिलं वाक्य: केसिलियस हा बाप आहे. ज्वालामुखीत गाडल्या गेलेल्या पॉम्पेई या रोमन शहरातलं कुटुंब, बायको मेटेला, मुलगा क्विंटस, स्वयंपाकी, कुत्रा. केसिलियस खरा माणूस, पॉम्पेईचा सावकार, त्याच्या घराचे अवशेष आजही आहेत. आधी गोष्ट, व्याकरण मागून. मुलाला कुत्र्याचं काय झालं याची काळजी असते, विभक्तीची नाही.

कडक_मास्तर

तेच म्हणतो. विभक्तीची काळजी कुणी करायची मग?

थेम्सकाठची

आई. 😄 केनेडी मीच विकत आणलं. गोष्ट त्याची तो वाचतो, तक्ता मी भिंतीवर लावलाय.

हिशोबनीस

सगळे व्याकरणावर भांडताय, पैशाचं कुणी बोललंच नाही. ही पुस्तकं खपत होती कारण लॅटिनला बाजार होता. मेकॉलेच्या समितीने आयसीएसच्या परीक्षेचे गुण ठरवले तेव्हा लॅटिनला ७५०, ग्रीकला ७५०, आणि संस्कृत नि अरबीला ३७५-३७५. म्हणजे हिंदुस्थानावर राज्य करायला येणाऱ्या पोराला मेन्सा-मेन्साम येणं, रामः-रामौ-रामाः येण्यापेक्षा दुप्पट मोलाचं! केनेडीच्या मुलींचं पुस्तक घोकून किती कलेक्टर आपल्या तालुक्यात आले असतील.

ऑक्सफर्ड-केम्ब्रिजला प्रवेशासाठी लॅटिन लागायचं, ती अट १९६० मधे सुटली. त्यानंतर दहा वर्षांत केसिलियस आणि त्याचा कुत्रा अवतरले. हा योगायोग नाही. सक्ती होती तोवर पुस्तक गोड करायची कुणाला गरजच नव्हती.

जुनी_खिडकी

हिशोबनीस, शंभर टक्के सहमत. फक्त एक अपवाद. सक्ती असतानाही एकाने प्रयत्न केला: डब्ल्यू. एच. डी. राउस. जन्म १८६३, कलकत्त्याचा! केम्ब्रिजच्या पर्स शाळेचा १९०२ ते १९२८ मुख्याध्यापक, आणि त्याच वेळी विद्यापीठात संस्कृत शिकवायचा. ग्रीक-लॅटिन मूळ आणि समोर इंग्रजी भाषांतर असलेली ती लोएब मालिका, तिच्या पहिल्या संपादकांतला एक. याच्या वर्गात पहिल्या दिवसापासून लॅटिनमधेच बोलायचं. मास्तर उठून उभे राहत म्हणणार ‘सुर्गो’, मी उठतो. मुलाला उठायला लावून ‘सुर्गिस’, तू उठतोस. तिसऱ्याकडे बोट, ‘सुर्गित’. क्रियापद चालवून झालं, पुस्तक अजून उघडलेलंच नाही. त्याच्या शाळेतल्या शिक्षकांनी या पद्धतीवर पुस्तकंही काढली, मुलांनी करायच्या छोट्या लॅटिन नाटुकल्यांचं एक तर फारच गोड आहे.

पाटीपेन्सिल

आणि ते पसरलं नाही. कारण राउससारखं घडाघडा लॅटिन बोलणारे मास्तर आणायचे कुठून? केनेडीचा गुण हाच, की बेताचा मास्तरही ते हातात घेऊन वर्ग निभावून नेऊ शकतो. चांगल्या पाठ्यपुस्तकाची ही कसोटी मला तरी खरी वाटते, खिडकीताई रागावल्या तरी.

रिकामा_डबा

भाषांतराच्या पुस्तकांबद्दलही लिहा की. तर्खडकरांच्या पाठमालेवर इंग्रजी शिकलेल्या घरातला मी, मला त्यात रस.

पाटीपेन्सिल

त्या प्रकाराचा इंग्रजी बादशहा म्हणजे थॉमस करचेव्हर अरनॉल्ड. खेड्यातला पाद्री. १८३९ मधे त्याचं लॅटिन गद्यलेखनाचं पुस्तक आलं, पुढे ब्रॅडलीने सुधारलं, आणि ‘ब्रॅडलीचं अरनॉल्ड’ या जोडनावाने अजून ओळखलं जातं. नियम थोडा, उदाहरणं दोन-चार, लगेच इंग्रजी वाक्यं लॅटिनमधे करा, आणि जुने शब्द पुढच्या धड्यांत पुन्हा पुन्हा. नंतर १८९५ ला नॉर्थ आणि हिलर्ड यांचं आलं. त्यातली वाक्यं वाचली की वाटतं जगात वेढा, खंदक, ओलीस आणि पळणारा शत्रू याखेरीज काही नाही. त्याला कारण आहे: पोराने पुढे सीझरचं गॉलच्या युद्धाचं वर्णन वाचायचं, त्याचीच ती रसद. वाक्यं कंटाळवाणी असली तरी दिशाहीन नाहीत.

तिरफळ

इतकं वाचल्यावर मला शिकावंसं वाटायला लागलंय, आता भोगा. सुरुवात कुठून? संस्कृत दहावीपर्यंत होतं.

पाटीपेन्सिल

संस्कृत झालंय म्हणजे विभक्ती ही काय भानगड असते हे सांगावं लागणार नाही. रिव्हाइज्ड प्रायमर घ्या, पण १८६६ चं चुकूनही उघडू नका. १९३० मधे माउंटफर्डने सुधारलेली आवृत्ती मिळाली तर उत्तम. आणि जोडीला फ्रान्सिस रिची यांचं ‘फाबुले फाकिलेस’. पर्सियस, हर्क्युलिस, आर्गोनॉट, युलिसिस अशा गोष्टी आहेत. पर्सियसची वाक्यं सोपी, युलिसिसपर्यंत पोचता पोचता सीझरची वळणं येतात, तुम्हाला कळतही नाही. एक खबरदारी: अमेरिकन पुस्तक हाती आलं तर आधी विभक्तींचा क्रम बघा.

जुनी_खिडकी

तिरफळ, रिची आधी, प्रायमर मागून!

कडक_मास्तर

आधी पहिल्या गणाचं एकवचन पाठ करून इथे लिहा. मग काय वाचायचं ते ठरवू.

तिरफळ

मेन्सा, मेन्सा, मेन्साम, मेन्से, मेन्से, मेन्सा. मास्तर, पहिला आणि शेवटचा सारखाच दिसतोय, मग ओळखायचं कसं?

कडक_मास्तर

शेवटचा आ दीर्घ. रोमन लिपीत त्याच्या डोक्यावर आडवी रेघ असते, नीट बघा. उद्या अनेकवचन.